सातवं पाऊल

साताऱ्यात मावसबहिणीची सप्तपदी पाहताना मी शेवटच्या पावलाशी अडले. आधीची पावलं अन्न, बळ, संपत्ती, संतती मागतात. सातवं सख्य मागतं. मैत्री इतकी उशिरा का? मला ती आधी हवी. स्थळ पाहताना पगार, पत्रिका, उंची सगळं विचारतात. रागावल्यावर मुलगा कसा बोलतो, हे कुणीच विचारत नाही. थेट विचारण्याची एक रीत मात्र आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या विवाहविधीत वधू सर्वांदेखत वराकडे स्त्रीच्या हक्कांचं वचन मागते, आणि तो ते देतो. मला हे फार धार्मिक वाटतं. समोरच्याला विचारावं, त्याने उत्तर द्यावं, देवाला साक्षीला याहून काय हवं? आईला सांगितलंय, यापुढे मुलाला आधी मी एकटी भेटेन. पत्रिका मग बघू.