छाटलेले झाड

अ‍ॅबट हा शब्द मूळच्या अरामी ‘अब्बा’वरून आला. आमच्या घरातली मुले बापाला ज्या शब्दाने हाक मारतात तोच हा. कॅथॉलिक मठाचा प्रमुख म्हणजे तिथल्या साधूंचा अब्बा. साधूने स्वतःची म्हणून लेखणीही ठेवू नये, असा संत बेनेडिक्टचा सहाव्या शतकातला नियम. तरीही या फकिराच्या नावाने मानचिन्ह असते! आणि तेही ढालीवर. बाराव्या शतकात युरोपातले सरदार रणांगणावर ओळख पटावी म्हणून ढाली रंगवू लागले, ती प्रथा मठात शिरली.

सूरह माइदामध्ये साधूंच्या निरहंकाराचे कौतुक आहे; सूरह हदीदमध्ये, संन्यास त्यांनी स्वतःच काढला आणि नीट पाळला नाही, असा ठपकाही आहे. हे चिन्ह पाहताना आम्हाला दोन्ही आठवते. वर काळी टोपी, दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे. ढालीमागे मेंढपाळाची वाकडी काठी, तिला बांधलेला रुमाल. गोंडे मोजून पद ओळखायचे म्हणजे दर्जा आलाच. पण काठी त्या माणसाची नसते, गादीची असते. आपल्या खानकाहांतही खिरका आणि असा पीराकडून खलिफाकडे जातात. नसीरुद्दीन चिराग देहलवींनी तर लायक वारस दिसेना म्हणून त्या वस्तू आपल्याबरोबर दफन करायला लावल्या, असे सांगतात.

आम्हाला अडवते ते इटलीतल्या माँते कासिनो मठाचे चिन्ह. बेनेडिक्टने स्वतः स्थापलेला हा मठ. चिन्हावर झाडाचा छाटलेला बुंधा आणि त्याला फुटलेले धुमारे. खाली लॅटिन बोधवाक्य, त्याचा अर्थ: छाटले तरी पुन्हा हिरवे होते. मठ प्रथम सहाव्या शतकात लॉम्बार्ड टोळ्यांनी लुटला. दुसऱ्यांदा 883 साली तो जाळला अरब हल्लेखोरांनी; मठाधिपती बर्थारियुस मारले गेले. ते जिहादी नव्हते, लुटारू होते, नेपल्सच्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांचीही त्यांच्याशी हातमिळवणी होती, असे आम्ही चटकन म्हणतो. ते खरेही आहे. पण चटकन का म्हणतो?

त्यानंतर दोनशे वर्षांनी, अकराव्या शतकात, उत्तर आफ्रिकेतून आलेला कॉन्स्टंटाइन याच मठात साधू झाला आणि अल-मजूसी, इब्न अल-जज्जार यांचे वैद्यकाचे अरबी ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये नेले. जाळणाऱ्यांच्या भाषेतले औषध जळालेल्या घरात वाचले जाऊ लागले. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या विमानांनी मठाचा ढिगारा केला. आत आसऱ्याला आलेली माणसे मेली. डोंगराखाली तेव्हा आपली चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती. 1964 साली पोपच्या हस्ते मठ पुन्हा अर्पण झाला.

त्या बोधवाक्यात छाटल्याची कबुली आहे, छाटणाऱ्याचे नाव नाही. लॉम्बार्डांचे नाही, अरबांचे नाही, विमानांचेही नाही.

1992-93 ची मुंबई आम्ही मुलांना सांगतो तेव्हा नावे घेतल्याशिवाय आम्हाला ती सांगता येत नाही. ती घ्यायलाच हवीत. श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये घेतली, म्हणून तर तो अहवाल आमच्या हाती आहे. पण आयोगापुढची साक्ष आणि घराच्या चौकटीवर कोरायची ओळ, दोन्ही एकच असाव्यात का? आमच्यातल्या थोरल्यांचे उत्तर एक आहे, त्या वर्षानंतर जन्मलेल्या मुलांचे दुसरे. जेवायला बसलो की अजून वाद होतो.