कुब्ब्यांचे मोल

यरुशलेमला पाहुणा आला की आम्ही त्याला महाने येहुदाच्या बाजारात कुब्बे खायला नेतो. तिथले 'अझुरा' तर १९५२ पासूनचे. रव्याच्या पारीत खिम्याचे सारण आणि बिटाचे लाल सार. कुर्दी मंडळींच्या 'हमुस्ता'चे सार मात्र लिंबाने आंबट. आमची परीक्षा एकच: पारी पातळ हवी, पण सारात फुटता कामा नये. (एका ठिकाणी तर सारण शोधावे लागले!)

एकदा हौसेने घरी केले. ओल्या हाताने रवा थापायचा, सारण भरायचे, तोंड मिटवायचे. २० केले, ११ फुटले. तेव्हा आईच्या करंज्या आठवल्या. सणाला ती शंभर लाटीत असे, आणि आम्ही म्हणत असू, "यंदा खोबरे कमी पडले वाटते!"

हॉटेलातल्या बाईला आम्ही पैसे देतो, वर 'कोल हाकावोद'ही म्हणतो. पैसे दिले तिथे ऋण फिटले. जिला काहीच दिले नाही, तिची स्तुती मात्र राहून गेली. हे कसे? कोणी म्हणेल, आई प्रेमाने करते, तिला शाबासकी कशाला? आम्हांला हे पटत नाही. प्रेमाने लाटले म्हणून पाठ दुखायची थांबते काय?

खरे कारण ओशाळवाणे आहे. परक्याची स्तुती स्वस्त पडते. बिल चुकवून उठता येते. आईची केली असती, तर पुढच्या सणाला पोळपाटाशी बसावे लागले असते. आणि बसायचे तर आमच्या मनात नव्हते.