चौदा वर्षांचा वनवास

26 मार्च 2015 ची रात्र माझ्या मनातून जात नाही. बफलोच्या आइस हॉकी स्टेडियममध्ये मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बसलो होतो. आमचा संघ बफलो सेबर्स, समोर ॲरिझोना कोयोटीज. त्या मोसमात गुणतक्त्याच्या तळाशी हेच दोन संघ होते. सामना 3-3 असा बरोबरीत राहून जादा वेळेत गेला आणि ॲरिझोनाच्या सॅम गॅनियेने गोल केला. आमचा संघ हरला. आणि आमच्याच स्टेडियममध्ये, आमच्याच संघाची जर्सी घातलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आरोळ्या ठोकल्या. मुलीने विचारलं, "बाबा, आपण हरलो ना?" मी मान हलवली. "मग सगळे खूश का झालेत?"

मी तिला समजावून सांगितलं. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकललं जात नाही. उलट नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या निवडीची सर्वांत जास्त संधी त्यालाच मिळते. दुबळ्याला हात द्यावा हा त्यामागचा चांगला हेतू. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये कॉनर मॅकडेव्हिड येणार होता, पिढीत एखादाच निपजावा असा खेळाडू. तळाला राहिलो तर तो कदाचित आमचा होईल, म्हणून लोक पराभवाला टाळ्या देत होते. माझं बोलणं मुलीने ऐकून घेतलं, पण तिला ते पटलं नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या स्टेडियममध्ये हॉकी नीट कळलेली ती एकटीच होती.

मॅकडेव्हिड आम्हाला मिळाला नाही. पहिल्या निवडीची लॉटरी एडमंटनला लागली. आमच्या वाट्याला दुसरी निवड आली, जॅक आयकल. तोही असामान्यच. पण ज्या संघात तो आला, त्या संघाने तळ गाठण्यासाठी स्वतःची मोडतोड करून घेतली होती. साधारण वर्षभरात रायन मिलर, योनास एनरॉथ आणि मिखाल नोइविर्थ असे तीन गोलरक्षक दुसऱ्या संघांना देऊन टाकले होते. 2013-14 च्या 82 सामन्यांत 52 गुण, पुढच्या मोसमात 54. दोन्ही वर्षी शेवटचा क्रमांक. हरणं हे साधन म्हणून वापरता येतं आणि काम झालं की बाजूला ठेवता येतं, असा सगळ्यांचा समज होता. पुढे जे झालं त्याचं मूळ मला या समजात दिसतं.

पुढे काय झालं त्याचा हिशेब असा. 2011 च्या वसंतात सेबर्स प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, खेळले, आणि त्यानंतर 2012 पासून 2025 पर्यंत सलग चौदा मोसम ते प्लेऑफबाहेर राहिले. या लीगच्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाने पाहिलेला नाही. प्लेऑफ ही काही मूठभरांची मिरास नव्हे. तिथे 16 संघ जातात, म्हणजे लीगमधले साधारण निम्मे. नाणं उडवून निकाल ठरवला असता तरी सलग चौदा वेळा छापाऐवजी काटाच पडण्याची शक्यता सोळा हजारांत एक निघते. 2020 मध्ये महासाथीमुळे 31 पैकी 24 संघांना पुढे बोलावलं, त्या चोविसांतही आम्ही नव्हतो. 2023 मध्ये 91 गुण झाले आणि एका गुणाने संधी हुकली. तो एक गुण जास्त असलेला फ्लोरिडा पँथर्स थेट अंतिम फेरीत पोहोचला. इतकं सातत्य दुर्दैवात नसतं, ते कोणीतरी घडवावं लागतं.

मग घडवलं कोणी? चिडलेल्या चाहत्याकडे याचं तयार उत्तर असतं, ते म्हणजे खेळाडूंनी. त्याला द्या, दुसरा आणा. इथे त्याला ट्रेड म्हणतात. खेळाडूंची अदलाबदल करायची, किंवा पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडीच्या बदल्यात माणूस द्यायचा. करारात खास कलम नसेल तर खेळाडूला विचारलंही जात नाही. दुपारी फोन येतो, रात्री तो दुसऱ्या शहरात असतो, मुलांच्या शाळेचं नंतर बघायचं. आयपीएलमुळे हा प्रकार आता आपल्याकडेही ओळखीचा झाला आहे. 2023 च्या अखेरीस गुजरातकडून मुंबईकडे आलेल्या हार्दिक पंड्याला कर्णधार केलं आणि वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. 2024 च्या त्या मोसमात मुंबई शेवटच्या स्थानावर राहिली.

मीही अनेक वर्षं हेच तयार उत्तर देत होतो. एप्रिल 2018 मध्ये, पुन्हा तळाला राहिल्यावर, रायन ओरायलीने उघडपणे सांगितलं की संघाला हरण्याची सवय जडली आहे आणि आपलंही खेळावरचं प्रेम अधूनमधून हरवत गेलं. आम्हाला त्याचा राग आला. एवढे पैसे घेतोस आणि प्रेम हरवलं म्हणतोस? मग जा. 1 जुलैला त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुढच्याच जूनमध्ये सेंट लुइसने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो ओरायली. त्याने आजाराचं नाव घेतलं होतं. आम्ही नाव घेणाऱ्यालाच आजार समजलो.

हे एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडता आलं असतं. 2021 मध्ये सॅम राइनहार्ट आणि ब्रँडन मॉन्टूर फ्लोरिडाला गेले. मार्च 2024 मध्ये आमचा कर्णधार काइल ओकपोसोही तिथेच गेला. त्या जूनमध्ये फ्लोरिडाने कप जिंकला. सातव्या सामन्यातला निर्णायक गोल राइनहार्टचा होता. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा कप जिंकला आणि शेवटच्या सामन्यात राइनहार्टने चार गोल केले. आयकलची गोष्ट तर अधिक बोचणारी आहे. त्याच्या मानेतली चकती सरकली. त्याला कृत्रिम चकती बसवणारी शस्त्रक्रिया हवी होती. संघाच्या डॉक्टरांना मणके जोडणारी जुनी पद्धत हवी होती आणि लीगच्या करारानुसार शेवटचा शब्द संघाचा. महिनोनमहिने तो न खेळता बसून राहिला, त्याचं कर्णधारपद गेलं आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्याला व्हेगसला दिलं. व्हेगसने त्याला हवी ती शस्त्रक्रिया करू दिली. 2023 मध्ये त्यांनी कप जिंकला, तेव्हा प्लेऑफमध्ये गोल आणि गोलसाठीचे पास मिळून सर्वाधिक 26 गुण त्याच आयकलचे होते.

हे सगळे खेळाडू इथे होते. त्यांचे हात, पाय, नजर सगळं तेच होतं. इथे जे उगवत नव्हतं ते दुसऱ्या मातीत काही वर्षांतच फुललं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही यावरून कळेल की बियाण्याला दोष देण्याची वेळ केव्हाच निघून गेली आहे.

यावर संघाकडून आलेलं एक उत्तर शहराला फार लागलं. डिसेंबर 2024 मध्ये जनरल मॅनेजर केविन ॲडम्स यांनी पत्रकारांना सांगितलं की आमच्याकडे ताडामाडाची झाडं नाहीत, न्यूयॉर्क राज्यात कर जास्त आहेत, त्यामुळे खेळाडू इथे यायला तयार होत नाहीत. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ईरी सरोवरावरून येणारं बर्फ मी 1997 पासून उपसतो आहे. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही आणि जानेवारीत तिथे स्वेटर लागत नाही, हे खरंच आहे.

पण याच शहरात अमेरिकन फुटबॉलचा बफलो बिल्स हा संघ आहे. तोही 17 मोसम प्लेऑफबाहेर होता. बर्फ तेच, कर तेच, इतकंच काय, 2014 पासून मालकही तेच, टेरी आणि किम पेगुला. 2017 मध्ये त्यांनी तिथे शॉन मॅकडर्मट हा प्रशिक्षक आणि ब्रँडन बीन हा जनरल मॅनेजर आणला, आणि मग त्या दोघांना वर्षानुवर्षं हलवलं नाही. पहिल्याच मोसमात दुष्काळ संपला. दुसऱ्या वर्षी मोठी पडझड झाली, तरी कोणाची उचलबांगडी झाली नाही. मग बिल्समध्ये यायला खेळाडू तयार होऊ लागले. आज त्या संघासाठी लोक पहाटे फावडी घेऊन स्टेडियममधलं बर्फ उपसायला जातात.

सेबर्समध्ये याच्या उलट घडलं. लिंडी रफ 1997 पासून जवळपास सोळा वर्षं प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात संघ 1999 ची अंतिम फेरी खेळला, तिसऱ्या जादा डावात वादग्रस्त गोलवर हरला, आणि शहराने ते दुःखही अभिमानाने जपलं. फेब्रुवारी 2013 मध्ये त्यांना काढलं. त्यानंतर अकरा वर्षांत सहा प्रशिक्षक झाले, आणि 2024 मध्ये पुन्हा रफ यांनाच बोलावलं. दरम्यान जनरल मॅनेजर बदलत राहिले. 2020 मध्ये तर खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांसह वीसहून जास्त लोकांना एकदम घरी पाठवलं. प्रत्येक नवा माणूस म्हणाला, आधीच्याने चुका केल्या, आपण पायापासून बांधू. पाया खणण्यातच चौदा वर्षं गेली. अशा घरात अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येतो, तेव्हा त्याला खेळ शिकवायला कोणी मोठा भाऊ उरलेला नसतो. जो उरला तो पुढच्या ट्रेडची वाट पाहत असतो.

ट्रेडच वाईट, असं मला म्हणायचं नाही. ओरायलीच्या बदल्यात जे आले त्यांत टेज थॉम्पसन नावाचा उंच, बुजरा तरुण होता. पहिल्या मोसमात त्याचे जेमतेम सात गोल. त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, मग खांद्याच्या दुखापतीत वर्ष गेलं. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याला विकून टाका म्हटलं होतं. डॉन ग्रॅनॅटो या प्रशिक्षकाने त्याला कडेवरून मध्यात आणलं, चुका करू दिल्या. 2022-23 मध्ये त्याने 47 गोल केले. आयकलच्या बदल्यात आलेला ॲलेक्स टक मूळचा सिरॅक्यूजजवळचा, लहानपणापासून सेबर्सचा चाहता. इथे येणं त्याला शिक्षा वाटली नाही. या दोघांच्या बाबतीत चांगलं जे झालं, ते ट्रेडनंतरच्या वर्षांत झालं, कोणीतरी थांबल्यामुळे झालं. ट्रेडचं यश ज्या दिवशी कागदावर सही होते त्या दिवशी ठरत नाही. माणूस आल्यावर त्याला काय मिळतं, यावर ते ठरतं.

म्हणून मला आता चाहत्यांशी बोलायचं आहे, कारण मालकांशी बोलायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. आपण हरल्यावर विचारतो, कोणाला विकायचं? त्याऐवजी विचारायला हवं, इथे राहावंसं कोणाला का वाटत नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी देता येतं आणि मालकाला ते स्वस्त पडतं. एक नाव गेलं, दुसरं आलं, नव्या जर्सी विकल्या गेल्या, आणखी तीन वर्षांची मुदत मिळाली. दुसरा प्रश्न मालकाच्या दारापर्यंत जातो. आपण पहिलाच प्रश्न ओरडत राहिलो, म्हणून दुसऱ्याचं उत्तर देण्याची पाळी कोणावर आली नाही. आणि 2015 मध्ये टाळ्या वाजवून आपण आणखी एक गोष्ट सांगून ठेवली, की पराभव आम्हाला चालतो. ती टाळी बाकावर बसलेल्या खेळाडूंनी ऐकली होती. त्यानंतर त्यांनी आपल्यासाठी जीव तोडून खेळावं असं म्हणण्याचा अधिकार आपण थोडा गमावला.

चौदा वर्षं म्हटली की मराठी माणसाला वनवास आठवतो. मला त्या कथेतला राम इथे दिसत नाही, भरत आठवतो. राज्य हाती आलेलं असताना तो सिंहासनावर बसला नाही. पादुका ठेवल्या, नंदिग्रामात राहिला, दुसऱ्याचं म्हणून राज्य सांभाळलं. परतणाऱ्याला अयोध्या जागेवर सापडली ती त्याच्यामुळे. संघाचा मालक, मॅनेजर, प्रशिक्षक यांनी इतकंच जाणावं की हे आपलं नाही, आपण सांभाळणारे आहोत. 1970 साली सुरू झालेला हा संघ गिल्बर्ट पेरो, डॉमिनिक हाशेक या जुन्या खेळाडूंचा आहे, एक्कावन्न वर्षं त्याचं समालोचन करून 2023 मध्ये गेलेल्या रिक जेनरेट यांच्या आवाजाचा आहे, आणि अजून जन्माला न आलेल्या मुलांचाही आहे.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिला आठवतं तेव्हापासून 2025 पर्यंत तिने आपला संघ प्लेऑफमध्ये पाहिला नव्हता, तरी सामना असला की ती मला फोन करते. 2015 नंतर आमच्या घरात एक नियम तिने केला आणि मी पाळला. हरताना टाळी वाजवायची नाही, मग त्यातून उद्या कोणीही मिळणार असो.