तिला काय हवंय?

बिट्टन मार्केटच्या हाटात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. बटाट्या-कांद्याचे ढीग मी न थांबता ओलांडते, कारण आमच्या घरी कंदमुळं येत नाहीत, आणि पुढे दोडकी, परवल, मेथीकडे वळते. मागे एकदा भाची सोबत होती. सांगलीहून इथल्या कॉलेजात एम.ए. करायला आलेली, आमच्याकडेच राहते. लहानपणापासून तिची नजर अधू आहे. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. पाटी दिसते, अक्षरं दिसत नाहीत. भाजीवाल्यानं तिच्या हातातली पांढरी काठी पाहिली आणि मला विचारलं, "बिटिया को क्या चाहिए?" मी लगेच सांगितलं, "आधा किलो भिंडी."

घरी येताना ती म्हणाली, "मावशी, मला भेंडी नको होती. त्यानं तुला विचारलं, त्याचं काही नाही गं. तू उत्तर दिलंस, त्याचं वाटलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण भेंडी ही काही माझी पहिली चूक नव्हती. दशलक्षण पर्वात मंदिरात निघताना मीच तिला म्हटलं होतं, "काठी राहू दे घरी, मी हात धरते." तिनं ऐकलं. प्रदक्षिणाही माझ्याच चालीनं घातल्या. तेव्हा मला वाटलं, मी किती जपते हिला! खरं सांगायचं तर मी तिला जपत नव्हते, चार बायकांच्या प्रश्नांपासून स्वतःला जपत होते. लग्नाच्या वयाची मुलगी, लोक काय म्हणतील, ही भीती माझी होती. काठी मात्र तिची घरी राहिली.

तिची अडचण आणखी वेगळी आहे. पूर्ण अंध मुलींमध्ये बसली, तर "तुला तर दिसतं की!" डोळस मुलींमध्ये बसली, तर मोबाइल नाकाला लावून वाचते म्हणून हसू. वर्गात ती 'महाराष्ट्रवाली', आणि सुटीत सांगलीला गेली की तिच्या हिंदी वळणाच्या बोलण्यावरून 'भोपाळवाली'. एकदा म्हणाली, "मावशी, प्रत्येक ठिकाणी मी थोडी कमी पडते नाहीतर थोडी जास्त होते."

हे नुसतं मनाचं दुखणं नाही, कायद्याच्या कागदावरही असंच घडतं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यानं ते २१ केले. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या, पण त्यासाठी अपंगत्व ४० टक्के तरी हवं. आता महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या मुलाचं पाहा. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. बोलण्यातला दोष ४० टक्क्यांच्या थोडा वर, म्हणून तो राखीव जागेला पात्र. आणि वैद्यकीय प्रवेशाचा नियम म्हणे, बोलण्यातला दोष ४० टक्के किंवा जास्त असेल तर डॉक्टरकीला अपात्र! एकाच आकड्यानं दार उघडायचं आणि त्याच आकड्यानं लावून घ्यायचं. सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय मंडळाला विचारलं, हा मुलगा शिकू शकेल का? मंडळ म्हणालं, शिकू शकेल. सप्टेंबर २०२४मध्ये प्रवेशाचा आदेश झाला, ऑक्टोबरात सविस्तर निकाल आला. नुसत्या टक्क्यावरून कुणाला नाकारू नका, माणूस पाहून ठरवा, असा त्याचा सारांश.

त्या निकालात नृत्यांगना सुधा चंद्रन आणि एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा यांची आठवण काढली आहे. मी कौतुकानं भाचीला सांगितलं. ती हसली. "भाजी घ्यायलासुद्धा एव्हरेस्ट चढून यायचं का मी?" मी गप्प झाले. आपण अपंग माणसाला एक तर बिचारं करतो, नाहीतर थोर. साधं, आपल्यातलं एक माणूस म्हणून राहू देत नाही.

आपल्या मंडळात एक वाक्य हमखास येतं, "मागच्या जन्मीचं कर्म, दुसरं काय!" मीही ते म्हटलेलं आहे. शरीर नामकर्मानं मिळतं, हे पाठशाळेत शिकलो ते खरंच. पण त्याच पाठशाळेत हेही शिकलो, की ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे, डोळ्यांचा नव्हे. आणि सम्यक् दर्शनाला चष्म्याचा नंबर लागत नाही. शिवाय कर्मसिद्धांत स्वतःकडे बघायला दिलेला आहे, दुसऱ्याचा निकाल लावायला नाही. तिचं मागचं कर्म काय होतं, हे मला कुठून कळणार? "काठी घरी ठेव" म्हणताना मी कोणतं बांधलं, ते मात्र मला चांगलं ठाऊक आहे.

अनेकांत समजावताना आपण हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतो. शेपूट धरणारा म्हणतो दोरी, पाय धरणारा म्हणतो खांब. भाचीनं ती लहानपणापासून ऐकलीय. तिचा प्रश्न असा : "गोष्टीतला तो डोळस माणूस शेवटी येऊन सगळ्यांना चूक ठरवतो. त्यानं त्यांना हत्तीभोवती एक चक्कर का नाही मारू दिली?" इतकी वर्षं मी ही गोष्ट मुलांना सांगितली, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी कायम त्या डोळस माणसाच्या जागी उभी होते ना!

मग मदत करायचीच नाही का? असं नाही. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावं, हे तर आपल्या धर्माच्या गाभ्यातलं. रस्ता ओलांडताना ती आपणहून माझा कोपर धरते. तिचं म्हणणं एवढंच, की आधी विचार, मग कर.

पुढच्या हाटाला आम्ही दोघी पुन्हा गेलो. काठी तिच्या हातात. भाजीवाल्यानं पुन्हा मलाच विचारलं, "बिटिया को क्या चाहिए?" मी तोंड मिटून उभी राहिले. ते चार-पाच क्षण मला निर्जळी उपवासापेक्षा जड गेले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग गोंधळून तिच्याकडे वळला. तिनं एक परवल उचलून बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाली, "भैया, ये तो कल का है. ताज़ा दीजिए."

त्यानं मुकाट्यानं दुसरी टोपली पुढे केली.