रेघेला सुतक कळतं का?

मामा बहरीनला ड्राफ्ट्समन म्हणून आले तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर निघत. समुद्र भरून केलेल्या जमिनीवरच्या कितीतरी इमारती त्यांच्या बोर्डावरून गेल्या. भाची मनामातच फार्मसिस्ट आहे. तिचे वडील सांगलीत वारले. तिला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून ती रोज रात्री मामांच्या जुन्या रॉट्रिंग पेनांनी कागदावर रेघा ओढत बसते. शुक्रवारी, सुट्टीच्या संध्याकाळी, मामांनी विषय काढला.

मामा : ताई म्हणते, पोरगी दोन मिनिटांत फोन ठेवते. बाप गेल्यावर माणूस रडतं, देवाला शिव्या घालतं. तू सुतक फिटायच्या आत सेट स्क्वेअर घेऊन बसलीस.

भाची : रेघेला सुतक कळतं का मामा? मला रडूच आलं नाही. आत इतकं कालवलेलं होतं की नेमकं कशासाठी रडू ते ठरेना. रेघेला काही सांगावं लागत नाही. एक ओढली की दुसरी कुठे हवी ते तीच सुचवते.

मामा : मग भाऊजींचा चेहरा काढ. या रेघांत भाऊजी कुठे आहेत?

भाची : चेहरा काढून पाहिला. नाक जमतंय का, हनुवटी जमतेय का, यातच बाबा निसटले. रेघांत ते दिसत नाहीत, पण ओढताना जवळ असतात. तू चित्रकार नसरीन मोहमेदीचं काम पाहिलंयस?

मामा : नाव ऐकलंय. इथलं काहीतरी नातं होतं ना तिचं?

भाची : वडिलांचा फोटोच्या सामानाचा धंदा इथे बहरीनमध्ये होता. तिचा जन्म 1937 चा, कराचीतला, वाढली मुंबईत. इथे येऊन राहायची, वाळवंटाचे, किनाऱ्याचे फोटो काढायची. 1972 पासून बडोद्याला शिकवलं. तुझीच अवजारं घेऊन शाई-पेन्सिलीने नुसत्या रेघा काढायची. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर ऐकेनासं झालं, तरी रेघ काटेकोर राहिली. 1990 मध्ये अलिबागजवळ किहीमला वारली.

मामा : म्हणजे रेघेने तिला तारलं?

भाची : तसं म्हणवत नाही. तिची घालमेल डायऱ्यांत आहे, चित्रांत नाही. आणि डायरीच्याही कित्येक पानांवर तिने शाईचे पट्टे ओढलेत, खालचं लिखाण तुटक दिसतं. त्या पानांपाशी माझी पंचाईत होते. तिने दुःख झाकलं, की त्याला आकार दिला?

मामा : झाकलं. सरळ आहे.

भाची : झाकायचंच असतं तर पान फाडलं असतं. तिने ते ठेवलं.

मामा : बरं. पण तुला यातून आराम मिळतो, एवढं तरी खरं?

भाची : त्याचाही भरवसा नाही. रोथको स्वतःला अमूर्त चित्रकार म्हणवून घ्यायलाच तयार नव्हता. माणसाच्या मूळ भावनांशीच आपलं देणंघेणं, असं सांगायचा. त्याच्या चित्रांसमोर लोक रडतात. त्याने मात्र 1970 मध्ये आत्महत्या केली. आजारपण होतं, संसार मोडला होता, दारू होती. रंगांनी त्याला मारलं असं नाही. पण वाचवलंही नाही.

मामा : मग औषध म्हणून हे बिनकामाचं. तू औषधांतली, तुला कळायला हवं.

भाची : औषधाचं काम बरं वाटलं की संपतं. चित्राचं तिथे संपत नाही. बरं वाटलं म्हणून थांबले की कागद अर्धा राहतो. कागदाला हवं तिथवर गेले की कधीकधी बेचैनी वाढते. चित्रकार गायतोंडे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करायचे, बाकी नुसतं बसून पाहणं. मनाला आराम हवा असतो, चित्राला नेमकेपणा. हळव्या माणसाची ओढाताण होते ती इथे.

मामा : हळवेपणाचं मला फार कौतुक नाही. हळवी माणसं आपली दुखरी जागा जपत बसतात. तिकडे ताई एकटी आहे. तिला तुझ्या कागदावर जागा आहे?

भाची : आजोबा गेले तेव्हा तू काय केलंस? आई सांगते, दुसऱ्या दिवशी कामावर होतास.

मामा : नकाशा द्यायचा होता. इमारत अडली असती.

भाची : म्हणून तुला कुणी जाब विचारला नाही. उपयोगाच्या रेघेआड लपलं की कर्तव्य, बिनउपयोगाच्या रेघेआड लपलं की पळपुटेपणा.

मामा : लागलं हे. पण म्हणजे दोघंही लपलोच की. मग काम कुठलं आणि आडोसा कुठला, हे ओळखायचं कसं?

भाची : कागद पाहून नाही ओळखता येणार. दोन्हीकडे रेघ तितकीच सुबक असते. उठल्यावर कळतं. उठल्यावर आईचा आवाज जास्त नीट ऐकू आला तर ते काम. नकोसा झाला तर आडोसा.

मामा : आणि सध्या?

भाची : नकोसा होतो.

मामा : मग बंद कर.

भाची : बंद कशाला? चूक रेघेची नाही, माझ्या मागण्याची आहे. मी पोचले नाही याची माफी मला हवीय, आणि ती मी रेघेकडे मागतेय. ती कशी देणार? आईच देऊ शकते. नाकारूही शकते. म्हणून तर फोन टाळते.

मामा : इथे आठ वाजलेत, म्हणजे सांगलीत साडेदहा. ताई जागी असेल.

भाची : लावते. पण बोलणं झाल्यावर मी पुन्हा बसणार आहे, आधीच सांगते.

मामा : बस. मात्र तेव्हा भाऊजींसाठी नको, रेघेसाठी बस.

भाची : तसं वेगळं काढता येतं का, ते मला अजून ठाऊक नाही. फोन दे इकडे.