एकाच गुढीवर कडुलिंब आणि गाठी



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३५

अर्जुनाचा प्रश्न साधा आहे. देवा, तुझं चिंतन मी कशाकशात करू? उत्तरात भगवंत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी सांगतात. झाडांत पिंपळ मी, नद्यांत गंगा मी. आणि या श्लोकात म्हणतात, ऋतूंमध्ये वसंत मी. म्हणजे ध्यान डोळे उघडे ठेवूनही होतं.

मग आमच्या बीडचा वसंत उघड्या डोळ्यांनी बघू. बागबिग काही नाही. विहिरी तळाला गेलेल्या, माळावर ऊन. पळस तेवढा पेटलेला आणि लिंबाला कोवळी पालवी. पण रानात सकाळपासून नुसती गडबड, कारण आज चिंचा झोडपायच्या आहेत. आजोबा खालून ओरडतात, "त्या फांदीला हाण!" आजी नातवंडांना घेऊन वेचायला बसते. पोरांच्या निम्म्या चिंचा पोत्यात, निम्म्या तोंडात. दुपारी झाडाखालीच भाकरी-ठेचा.

बऱ्याच घरांत या चित्रात मधली पिढी नसते. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. काही पाडव्याआधी, काही नंतर. तोवर लेकरं आजीजवळ.

"आजी, आई पाडव्याला येणार ना?"

"येईल की," म्हणत आजी मूठभर चिंचा लेकीसाठी पदराला बांधून ठेवते.

भगवंतांनी वसंताला 'कुसुमाकर' म्हटलंय. आकर म्हणजे खाण. खाण वरून कोरडीच दिसते ना? धन आत असतं. त्या पदराच्या गाठीत मला वसंत दिसतो. अध्याय संपताना भगवंत सांगतात की हे सगळं जग मी माझ्या एका अंशानं धरून ठेवलंय. घर धरून ठेवणारी आजी त्याच अंशानं उभी आहे.

आता आपली गुढी आठवा. फ्लॅटच्या गॅलरीतली का असेना. तिच्यावर कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी शेजारी-शेजारी असतात. त्या गाठीतली साखर कुणीतरी तोडलेल्या उसाची आहे. आपल्या तोंडी गोड येतं, तेव्हा कुणाच्या तरी घरी वाट बघण्याचं कडू असतं. दोन्ही एकाच काठीला बांधलेलं. म्हणून प्रसाद घेताना फक्त गोडाचे धनी होऊ नका.

आजचा नेम : गावाकडं आजी-आजोबांना फोन लावा. "कशी आहेस?" एवढ्यावर ठेवू नका. "आज रानात काय काय केलंस?" असं विचारा आणि सगळं ऐका, घाई न करता. तेवढा वेळ जपाचाच समजा.

रामकृष्ण हरी!