आतला व्यास

निवांत बसा. समोर ब्राउझर उघडा असू दे, बटण मात्र इतक्यात दाबू नका. पानावर तीन रिकामे चौकोन आहेत: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. तुम्हाला दहा मिलिमीटरच्या दांड्यावर बसणारा बुश हवा आहे. बाजारात तो मिळत नाही, म्हणून थ्रीडी प्रिंटरवर काढायचा आहे.

या चौकोनांकडे जरा बघत राहा. तुमचा बुश आत्ता कुठे आहे? सर्व्हरवर त्याची फाइल नाही. तिथे आहे तो ओपनस्कॅडच्या भाषेतला चार ओळींचा मजकूर: एक दंडगोल घे, त्यातून दुसरा वजा कर. मारियस किंटेल आणि क्लेअर वुल्फ यांनी उभा केलेला हा प्रोग्रॅम २०१० पासून लोक वापरताहेत. त्यात आकार माउसने ओढायचा नसतो, लिहायचा असतो. म्हणून तर तो दूरच्या सर्व्हरवर, पडद्याविना, एका आज्ञेसरशी चालतो. २०१३ मध्ये मेकरबॉट कंपनीने थिंगिव्हर्स या थ्रीडी आराखड्यांच्या साइटवर असेच चौकोन भरायला देणारा ‘कस्टमायझर’ आणला, तो याच्याच बळावर. तो चार ओळींचा मजकूर ज्याने लिहिला त्याने तुमचा दांडा पाहिलेला नाही. कशातून काय वजा व्हायचं, भिंत किती बारीक चालेल, एवढं त्याने ठरवून ठेवलं आणि आकडे मोकळे सोडले. त्या मोकळ्या सोडण्यापाशी क्षणभर थांबा.

आता पहिल्या चौकोनात दहा लिहा. श्वास सावकाश सोडा आणि त्या आकड्याच्या मागोमाग आत जा.

तिथे वर्तुळ सापडणार नाही. बाजू किती हे सांगितलं नसेल, तर दहाच्या व्यासाला ओपनस्कॅड १६ बाजू देतं. कोपरे वर्तुळावर बरोबर टेकलेले, पण बाजू सरळ, म्हणजे किंचित आत आलेल्या. समोरासमोरच्या दोन बाजू मनातल्या मनात धरा आणि मधलं अंतर मोजा: ९.८१ मिलिमीटर. दांडा आत जाणार नाही. बाजू १०० केल्या तर अंतर ९.९९५ होतं, फट मिटत आली, पण मिटली नाही. जाणता लिहिणारा बाजूंच्या संख्येवरून त्रिज्या तेवढी वाढवून घेतो आणि त्याबद्दल पानावर अवाक्षरही काढत नाही.

मग फाइल तयार होते. एसटीएल म्हणजे नुसती त्रिकोणांची यादी. बायनरी फाइलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट. एककाला तिच्यात जागाच नाही. दहा म्हणजे दहा. ते मिलिमीटर की इंच, हे उघडणाऱ्याने मानून घ्यायचं. बहुतेक जण मिलिमीटर मानतात म्हणून सगळं सुरळीत चालतं. (इतक्या काटेकोर यंत्रांचा कारभार असा समजुतीवर चालावा, याची मला गंमत वाटते.)

आता पडद्यावरची नजर काढून दांड्याकडे या. तो खरंच दहाचा आहे का? व्हर्नियर घ्या. एका टोकाला मोजा, मध्ये मोजा, दांडा थोडा फिरवून पुन्हा मोजा. वापरून वापरून तो कुठे झिजला असेल, कुठे गंज धरून फुगला असेल. घाई करू नका. या सगळ्या खटाटोपात सर्व्हरला जे कळूच शकत नाही ते एवढंच आहे आणि नेमकं तिथेच आपण अंदाजपंचे आकडा टाकून मोकळे होतो.

मोजून झालं? मग सैलपणाचा विचार करा. शिंपी अंगाच्या मापाला कापड कापत नाही. इथेही दांडा सुखाने सरकायचा तर भोक थोडं मोठं हवं; शिवाय प्रिंटरमधलं वितळलेलं प्लास्टिक भोकाच्या आतल्या बाजूला थोडं सरकतंच. घरगुती प्रिंटरवर पाव मिलिमीटरच्या आसपास सूट पुष्कळदा पुरते. पण ती द्यायची कोणी? मजकूर लिहिणाऱ्याने दिली आणि तुम्हीही दिली, तर बुश खुळखुळणार. दोघांनीही दिली नाही, तर हातोडी शोधावी लागणार.

चौकोनाच्या शेजारी काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. ‘दांड्याचा व्यास’ असतं, तर मोजलेला आकडा जसाच्या तसा टाकता आला असता. इथे ‘आतला व्यास’ आहे. सूट तुमच्याकडे आली. दांडा दहाचाच भरला असेल, तर १०.२५ लिहा.